नसलेल्या घोड्यांचा चारा

नाक्याचा बांबू खाली होता, मागे सोलापूरच्या रस्त्यावर घोड्यांची धूळ उठली होती आणि जकातीचा कारकून सळई घेऊन माझ्या गाडीकडे येत होता.

गाडीत रिकाम्या पोत्यांखाली माझा भाऊ पडला होता. मांडीत गोळी. सोलापुरातून निघाल्यापासून तो कण्हत होता, पण ओढ्याच्या उताराला लागल्यावर गप्प झाला. बेशुद्ध आहे की मेला, हे मला ठाऊक नव्हतं आणि पोती उचलून बघायची सोय नव्हती. सळई चांगली दीड हात लांब होती, टोकाला अणकुचीदार. पोत्यात कोणी माल लपवलाय का हे बघायला कारकून ती खुपसत असे. माझ्या शेंगांच्या पोत्याला तिने एकदा भोक पाडलं होतं, त्यावरून मी त्याला भर रस्त्यात शिव्या दिल्या होत्या.

"काय हाय गाडीत? तोंडानं सांगा, अक्का," कारकून म्हणाला.

तो नाका कसला होता ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर सोलापूरचं. वडील आणि भाऊ गिरणीत होते. मी चौथी शिकले आणि मग लग्न झालं ते शेजारच्या संस्थानातल्या गावात. अंतर चार कोस, पण राज्य दुसरं. मध्ये एक ओढा. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा राजाचा. पलीकडच्या काठावर हद्दीचा दगड, दगडाला लागून आडवा बांबू आणि बांबूशेजारी एक खोली, तो नाका.

संस्थान केवढं, तर माझी सासू म्हणायची, राजा सकाळी शिंकला की सगळ्या रयतेला ऐकू येतं. टपाल इंग्रजांचं, रेल्वे इंग्रजांची, रुपयावर तोंड इंग्रजांच्या राजाचं. कारभारीसुद्धा इंग्रजांना विचारून नेमलेला. राजाचं स्वतःचं असं जे थोडं उरलं होतं त्यात हा बांबू होता.

नवऱ्याला शहर सोसत नसे, म्हणून बाजार मी करायची आणि गाडीही मीच हाकायची. दर मंगळवारी वांगी, शेंगा, मिरच्या घेऊन सोलापूरला जायचं आणि परत येताना बांबूपाशी थांबायचं. नाक्याची रीत अशी की माल आणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, कारकून तेच शब्द वहीत लिहिणार. एकदा लिहिलं की लिहिलं, खोडायचं नाही. खोटं निघालं तर गाडीबैल जप्त. मग दरपत्रक काढायचं आणि प्रत्येक वस्तूचा दर लावायचा. आणि जी वस्तू दरपत्रकात नाही तिला अडकवून ठेवायचं. तिला सुतळी बांधून लाखेचा शिक्का मारायचा. दरबार दर ठरवेपर्यंत ती दरबारची अनामत. मग ती कोणी हलवायची नाही, मालकानेही नाही.

हे मला पाठ होतं कारण माझा स्टोव्ह त्यात अडकला होता. वडिलांनी दिलेला, पितळी, हवा मारायचा. दरपत्रक जुनं, त्यात चूल होती, शेगडी होती, कंदील होता. स्टोव्ह नव्हता. आठ महिने तो नाक्याच्या खोलीत पडून होता, आणि शिक्का तसाच ठेवून कारकून त्यावर रोज चहा करत होता. ते मी स्वतः पाहिलं.

"अनामत हलवायची न्हाय म्हनता आन् तिच्यावर चा करता व्हय?" मी विचारलं होतं.

"हलवला न्हाय की. हाय तितंच पेटवला," तो म्हणाला होता.

"एवढी जकात घालता तरी कुणाच्या मढ्यावर?"

"घोड्यांच्या," तो म्हणाला, आणि मग त्याने सांगितलं. फार पूर्वी राजाचा आणि इंग्रजांचा तह झाला. राजाने लढाईला घोडेस्वार द्यायचे, इंग्रजांनी राजाची हद्द राखायची, दोघे दोस्त. पुढे इंग्रजांना लढायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते म्हणाले, घोडेस्वार नकोत, त्यांच्या खर्चाएवढे पैसे द्या. पागा मोडली, घोडे विकले, पैसे मात्र दर वर्षी जातच राहिले. कारकुनाचा आजा त्याच पागेत स्वार होता. त्याचा घोडा काढून घेतला आणि त्याला या नाक्यावर बसवलं. मग बाप बसला, मग हा. खोलीत खुंटीला आज्याचं खोगीर टांगलेलं होतं, उंदरांनी कुरतडलेलं. आमच्या गावात जकातीला जकात कोणी म्हणतच नसे. म्हणत, चला, नसलेल्या घोड्यांना चारा घालून येऊ.

आता त्या दिवसाचं.

तीस सालचा मे महिना होता. शहरात गोळीबार झाला, पोलीस चौक्या सोडून पळाले आणि काही दिवस सोलापूर लोकांनीच चालवलं. दुकानं उघडी होती, रस्ते झाडले जात होते, हे मी स्वतः पाहिलं. मग लष्कर आलं. पांढरी टोपी घातली तरी धरत, झेंडा हातात दिसला तर विचारूच नका. माझा भाऊ पुढारी नव्हता. सरकारचं दारूचं उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडं तोडत लोक निघाले त्यांच्यामागे गेला आणि गोळी खाऊन आला. वडिलांनी त्याला चार दिवस घरात ठेवला. पाचव्या दिवशी गल्लीत झडती सुरू झाली तेव्हा त्यांनी त्याला माझ्या गाडीत टाकला. म्हणाले, "तुझ्या गावाला ने. तिकडं ह्यांचं राज्य न्हाय." सापडलेल्यांतले काही जण पुढे फासावर गेले. म्हणजे वडिलांना नुसती भीती वाटत होती असं नाही.

गल्लीतल्याच कोणीतरी सांगितलं असावं. ओढ्याच्या अलीकडे मी मागे पाहिलं तर धूळ.

"तोंडानं सांगा," कारकून पुन्हा म्हणाला आणि सळई उचलली.

रिकामी पोती म्हणावं तर सळई खुपसणार. म्हणून मी खरं सांगितलं. "माझा भाऊ हाय. मांडीत गोळी हाय. मागनं घोडेवाले यायलेत. खुपसा आता."

त्याने चष्मा वर केला आणि धुळीकडे बघितलं. सळई खाली ठेवली. मला वाटलं, आता हा बांबू उचलेल. पण तो वही घेऊन आला.

"जिता हाय का मेला?"

"काय म्हाईत!"

"आसं चालत न्हाय. मढं आसंल तर जकात न्हाय, पन पाटलाचा दाखला लागतो. नीट बगून सांगा."

मी पोती बाजूला फेकली आणि भावाच्या थोबाडीत मारली. मऊ हाताने मारायची ती वेळ नव्हती.

"काय मारायलीस गं, भवाने!" भाऊ म्हणाला.

"जिता हाय," मी म्हणाले.

"एक पुरुष, जखमी, जिता," कारकुनाने लिहिलं. मग दरपत्रक काढून बोट फिरवू लागला. बैल, म्हैस, रेडकू, शेळी, कोंबडी. घोड्यांच्या टापा आता ऐकू येत होत्या. मी दात खाऊन उभी होते. बोट पानाच्या तळाशी गेलं आणि थांबलं.

"मान्साचा दर न्हाय," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं.

"स्टोव्हवानी?" मी म्हणाले.

"स्टोव्हवानी. अंगठा का सही?"

"सही."

मी सही केली, त्याने पावती फाडून माझ्या हातात दिली, मग बांबू उचलला. गाडी आत घेतल्याबरोबर पुन्हा खाली टाकला. आम्ही दोघांनी भावाला धरून खोलीत नेलं आणि स्टोव्हशेजारी निजवलं. आज्याचं खोगीर उशाला दिलं. कारकुनाने भावाच्या मनगटाला सुतळी बांधली. लाख वितळवायला त्याने माझाच स्टोव्ह पेटवला. तो हवा मारत असताना घोडे बांबूपाशी येऊन थांबले.

सहा स्वार होते. पुढे आपल्यातलाच एक फौजदार आणि त्याच्या बाजूला एक गोरा, उन्हाने लाल झालेला. ओढ्यात धुणं धुणाऱ्या आमच्या गावच्या बायका पिळे खांद्यावर टाकून वर आल्या होत्या.

"ए कारकुना, बांबू उचल!" फौजदार ओरडला.

कारकुनाने आधी शिक्का मारला, लाखेवर फुंकर घातली, मग वही काखेत घेऊन बाहेर गेला. "संगं काय माल हाय, साहेब? तोंडानं सांगा, लिवतो."

"माल? सरकारी काम आहे. आत आमचा आरोपी आहे."

"आरोपी न्हाय जी. अनामत हाय. शिक्का वला हाय आजून."

"माणसाची अनामत? डोकं फिरलं का तुझं?"

"दर न्हाय त्याचा. मी काय करू? तुमी दर आना, मी सोडतो."

फौजदाराने आवाज बदलला. "हे बघा, तुमचे महाराज सरकारचे दोस्त आहेत. तहात स्पष्ट लिहिलंय. सरकारचा शत्रू तो महाराजांचा शत्रू."

"लिवलंय की," कारकून म्हणाला. "त्येच्याच खाली लिवलंय, राजानं घोडेस्वार द्याचे आन् सरकारनं राजाची हद्द राखायची. सवारांचं पैसं आमी दर साल भरतो." त्याने सहाही घोड्यांकडे एकेक करून पाहिलं. "हेच का ते आमचे घोडे? आज्जापासनं चारा घालायलोय, तोंड आज बघाय मिळालं. बरं झालं आले. आता राखा म्हनावं हद्द. हद्द ही हितं हाय." आणि त्याने पायाने दगड दाखवला.

बायका हसल्या. एक म्हातारी मागून म्हणाली, "लई खाल्लंय गं मेल्यांनी, पोटं बघ की!" मग सगळ्याच हसल्या, मीही हसले.

गोऱ्याला शब्द कळले नाहीत, पण हसणं कळलं. तो घोड्यावरून उतरला, चालत आला आणि बांबूवर हात ठेवला. मागच्या स्वारांनी बंदुका खांद्यावरून काढल्या. हसणं बंद झालं. मी खोलीच्या दारात उभी होते. मनात म्हटलं, झालं, आता याला ओढत नेतील, आणि मी नाक्यावर एकटी उभी राहीन.

कारकून बाजूला झाला. त्याने दौत दगडावर ठेवली आणि टाक बुडवला. टाकातून वहीवर शाईचे दोन थेंब पडले. पण बोलला ते नीट बोलला.

"उचला की. मी म्हातारा, मी न्हाय अडवत. निस्तं नाव सांगा. बांबू परक्यानं उचलला तर कुनी उचलला ते लिवावं लागतं. वही म्हैन्याला दरबारला जाती, तितनं मोठ्या साहेबाकडं जाती, म्हमईला. नाव आन् हुद्दा, दोनीबी."

फौजदाराने ते गोऱ्याला इंग्रजीत सांगितलं. गोऱ्याने काहीतरी विचारलं. फौजदाराने खांदे उडवले. कारकून टाक धरून उभा होता. टाकातली शाई वाळली तशी त्याने तो पुन्हा बुडवला.

दोघांचं बोलणं काय झालं ते मला माहीत नाही. पुढे फौजदारच कोणाला तरी म्हणाला होता म्हणे, की लष्कराचा कायदा सोलापूर शहरापुरता होता, बांबूपलीकडे हत्यारबंद गेलो असतो तर जाब मला द्यावा लागला असता, गोऱ्याला नाही. असेल तसं. मी जे पाहिलं ते एवढंच, की ज्या गोऱ्याला गोळी झाडायला काही वाटत नव्हतं, त्याला नाव सांगायला जड गेलं. त्याने बांबूवरचा हात काढला.

"आम्ही दरबाराचं पत्र आणतो," फौजदार म्हणाला.

"आना की. पत्राला जकात न्हाय," कारकून म्हणाला.

दोन स्वार इंग्रजांच्या काठावरच्या बाभळीखाली पहाऱ्याला ठेवून बाकीचे परत फिरले. बायकांनी असा गलका केला की बैल बुजले. कारकून मात्र खोलीत आला आणि मला म्हणाला, "अक्का, चा करा. माज्यानं हवा मारवत न्हाय." मी माझ्या स्टोव्हवर, माझ्या हाताने, आठ महिन्यांनी पहिल्यांदा चहा केला.

गोळी अजून मांडीतच होती. नवऱ्याने शेजारच्या गावातून जर्राह आणला, हाडं बसवणारा आणि गळवं फोडणारा मुसलमान म्हातारा. त्याने मनगटावरची लाख बघितली, नाक्यावरच चाकू तापवला आणि भावाच्या छातीवर मला बसवलं. भाऊ बोंबलायला लागला तसा म्हणाला, "नक्को रे चिल्लाव! गोली मेरेकू निकालनी है, तेरेकू नइं." निघाली. करंगळीच्या पेराएवढं शिसं. कारकुनाने ते हातात घेऊन बघितलं, दरपत्रक काढलं आणि बोट फिरवलं. शिशाला दर होता. मी गोळीची जकात भरली. ती पावती अजून माझ्या पेटीत आहे. इंग्रजांनी आपल्या बंदुकीतून माझ्या भावाला घातलेल्या मालावर राजाने जकात घेतली, आणि भरताना मला वाईट वाटलं नाही. जकात खुशीने भरल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

मग कागद फिरायला लागले. सोलापूरच्या साहेबाने मुंबईच्या मोठ्या साहेबाला लिहिलं, त्याने कारभाऱ्याला लिहिलं, कारभाऱ्याने नाक्याला विचारलं, अनामत ठेवलेली वस्तू काय आहे. कारकुनाने वहीतलं उतरवून पाठवलं, एक पुरुष, जखमी, जिता. तिकडून पुन्हा विचारणा आली, वस्तू नाशवंत आहे काय. त्याने मला विचारलं.

"लिवा, दोन येळा खाती," मी म्हणाले.

भाकरी मी घरून नेत होते. भाऊ खोलीत पडून कंटाळला, मग कारकुनाच्या वह्यांना दोरे शिवून देऊ लागला. बाभळीखालचे स्वार दर आठवड्याला बदलत. ऊन लागलं की तेही नाक्याच्या रांजणातलं पाणी प्यायला येत, बंदुका पलीकडेच ठेवून, कारण हत्यार आणलं तर लिहून घेतो असं कारकुनाने त्यांना बजावलं होतं.

कारभाऱ्याने भावाला देऊन टाकायला सांगितलं असतं, तर कारकुनाचं काही चाललं नसतं. आणि कारभाऱ्याची खुर्चीच इंग्रजांच्या मर्जीवर. गावात सगळे म्हणत होते, राजा देऊन टाकील, त्याचं पोट त्यांच्या हातात आहे. मलाही तसंच वाटत होतं. रात्री झोप लागत नव्हती असं नाही, झोप लागायची. पण नाक्याकडे येताना लांबून आधी मी खोलीचं दार बघायची.

शहरातला लष्कराचा अंमल उठला, पेरण्या आटोपल्या, आणि एका दुपारी दरबारचा जासूद हुकूम घेऊन आला. कारकुनाने फोडला, वाचला आणि माझ्याकडे दिला. "तुमी चौथी शिकलाव न्हवं? वाचा."

मी मोठ्याने वाचला, स्वार ऐकत होते. त्यात लिहिलं होतं, की इंग्रज सरकारशी असलेल्या जुन्या दोस्तीस स्मरून दरबाराने प्रकरण बारकाईने पाहिलं, परंतु दरपत्रकात सदर वस्तूस दर नाही आणि नवीन दर बसवण्याचा दरबाराचा विचार नाही, सबब अनामत जिच्या नावे पावती आहे तिला परत करावी. इंग्रजांचं नाव सहा वेळा आलं होतं, प्रत्येक वेळी आदराने. भावाचं एकदाही नव्हतं. त्यांना नाही म्हणायची राजाची छाती नव्हती, आणि तो कुठेही नाही म्हणाला नव्हता.

"सदर वस्तू म्हंजे कुनी? मी का?" भावाने विचारलं.

"दोनी," कारकून म्हणाला. "स्टोव्हबी ह्यातच बसतो. दर न्हाय त्याला."

त्याने भावाच्या मनगटावरची सुतळी तोडली आणि मग स्टोव्हवरची. दोन्ही पावत्यांवर परत मिळाल्याची सही मी केली. मग मी स्टोव्ह बाहेर आणून भर रस्त्यात, हद्दीच्या दगडावर ठेवला, पेटवला आणि जमलेल्या सगळ्यांना चहा पाजला. बाभळीखालच्या दोघांनाही हाक मारली. ते आले, उकिडवे बसून प्यायले, पेले विसळून ठेवले आणि घोड्यावर बसून सोलापूरला गेले. पुन्हा आले नाहीत. गावातून गाडी गेली तेव्हा बायका दारादारांतून ओरडत होत्या, "आली गं, जकात चुकवून आली!" चुकवली नव्हती. पण मी गाडी पुढे हाकली.

घोड्यांचे पैसे त्या वर्षीही गेले आणि पुढेही जात राहिले. कारकुनाची बदली झाली, संस्थानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे महिन्यातून चार गाड्या जात. कोणी केली ते कोणी सांगितलं नाही. पाच वर्षं भाऊ सोलापुरात गेला नाही. आमच्याच गावात राहिला, माझ्या सासऱ्याची मोट हाकली, लंगडत लग्नाला उभा राहिला. पुढे इंग्रज गेले, संस्थानही गेलं. बांबू कोणीतरी गोठ्याला नेला. कारकून तोपर्यंत होता. संस्थान विलीन झालं त्या साली तो आमच्याकडे जेवून गेला आणि स्टोव्ह चालतोय का ते विचारून गेला.

चालत होता. त्या दिवशी बांबूच्या आत होतो ते तिघेही त्यातून जगलो. कारकून आणखी म्हातारा होऊन गेला, भाऊ चाळीस वर्षांनी गेला, आणि मी आहे.